अलास्काच्या क्रूझवर बाल्कनीतलं जेवण, आमचा प्लॅन

जूनमध्ये आईबाबांना घेऊन अलास्का क्रूझला जायचं पक्कं झाल्यापासून रत्नागिरीच्या घरात एकच विषय चालू आहे, तिकडे जेवायचं कसं. बाकीचं मार्गी लागलंय, बोट व्हँकुव्हरहून सुटते म्हणून कॅनडा आणि अमेरिका दोन्हीकडचे व्हिसा काढून झाले, शेजारी-शेजारी बाल्कनीवाल्या दोन केबिन घेतल्या. पण आईचं म्हणणं सरळ आहे, "एवढ्या लोकांत बसून मला चवीने जेवता येत नाही गं, आणि गार झालेलं तर घशाखाली उतरत नाही." म्हणून रोजचं एक तरी खाणं चौघांनी बाल्कनीत, आपापलं, निवांत, असं ठरलंय आणि ते नीट जमावं म्हणून मी अगदी जीव लावून तयारी करतेय.

बहुतेक जण मेनूपासून सुरुवात करतात. माझ्या मते सुरुवात वाऱ्यापासून करावी. दुपारचा खारा वारा सुटला की गच्चीवरचे पापड कुठल्या कुठे जातात हे कोकणात कुणाला सांगायला नको, आणि तिथे तर बोट भर वेगात ताशी पस्तीसेक किमी पळते, म्हणजे हवा पडलेली असली तरी तेवढा वारा बोट स्वतःच तयार करते. जूनमध्ये दिवसा साधारण १२ ते १७ अंश असतं, बर्फाजवळ गेलं की आणखी उतरतं. ५ अंशात ताशी ३० किमीचा वारा लागला की अंगाला ते शून्यासारखं वाटतं. बाल्कनीला थोडा आडोसा असतो हे खरं, पण ज्यांना १८ अंशाला स्वेटर लागतो त्यांनी हे धरूनच चालावं.

परवा तवसाळला जायचं होतं तर जयगडच्या फेरीबोटीवर मी मुद्दाम पुढे कठड्याजवळ उभं राहून चहा ओतून बघितला, एक स्टीलच्या पेल्यात आणि एक झाकणाच्या मगात. अर्ध्या खाडीत पेल्यातला कोमट झाला, वर साय धरून सुरकुतली, आणि मगातला तवसाळच्या जेटीला लागेपर्यंत ओठ भाजेल असा होता. भज्यांखालचा कागद बाबांनी वेळेवर पकडला म्हणून पाण्यात गेला नाही. त्यावरून ठरलं ते असं, बाल्कनीत जे येईल ते झाकणाचं, खोलगट आणि एका वेळी एकच, सूप संपलं की भात, भात संपला की चहा, सगळं एकदम मांडायचं नाही. तसंही तिथलं टेबल अगदी छोटं असतं, त्यावर चार ताटं मावतच नाहीत. दोन बाल्कन्यांमधलं पार्टिशन बऱ्याच बोटींवर केबिनचा माणूस सांगितलं की उघडून देतो, ते पहिल्याच दिवशी सांगायचं. आणि बाल्कनीचं दार उघडं असताना केबिनचं दार कुणी उघडायचं नाही, वारा आरपार येतो आणि दार एवढ्या जोरात आपटतं की बोटं सापडली तर खेळ खलास, हे बाबांना आत्तापासून सांगून ठेवलंय.

सगळ्यात महत्त्वाचा दिवस ग्लेशियर बेचा, म्हणजे अलास्कातल्या हिमनद्यांच्या खाडीचा, ते एक नॅशनल पार्क आहे. तिथे दिवसाला जास्तीत जास्त दोनच मोठ्या क्रूझ सोडतात, पार्कचे रेंजर बोटीवर चढून माहिती सांगतात. १७९४ मध्ये कॅप्टन जॉर्ज व्हँकुव्हरची माणसं तिथे पोचली तेव्हा आत जायला जेमतेम तोंड होतं, पुढे नुसता बर्फ, तो आता जवळजवळ १०० किमी मागे सरलाय आणि आपण बोटीने जातो ती ही रिकामी झालेली जागा. हे वाचल्यापासून बाबा रोज नकाशा काढून बसतात. बर्फाच्या भिंतीसमोर बोट बराच वेळ अगदी संथ होते आणि सावकाश गोल फिरते, त्यामुळे डावी बाजू की उजवी असा प्रश्न त्या दिवशी उरत नाही आणि मुख्य म्हणजे बोटीने तयार केलेला वारा थांबतो. चौघांनी बाहेर बसून पोटभर खायचं तर हीच वेळ. हॉलंड अमेरिका या क्रूझ कंपनीच्या बोटींवर ग्लेशियर बघताना डेकवर वाटाण्याचं गरम सूप देतात, कुळथाच्या पिठीसारखं दाट, आणि मला ती पद्धत फार आवडली. आमची बोट दुसरी आहे, पण त्या वेळेला रूम सर्व्हिसला सूप आणि गरम भात सांगायचा, बटर त्यांचं, मेतकूट आणि दाण्याची चटणी आमची.

बरोबर न्यायचं ते सगळं दुकानातलं सीलबंद, आणि कस्टमला आपणहून सांगायचं. घरचं शिजवलेलं, ताजी फळं, सुकट, काही नाही. किटली आणि राइस कुकर बोटीवर चालत नाहीत, गरम पाणी बुफेवर मिळतं. नाश्त्याचं कार्ड रात्री भरून दाराबाहेर अडकवायचं असतं, त्यावर आई काय काय खात नाही ते मी आधीच इंग्रजीत लिहून घेतलंय.

रात्रीच्या जेवणाचं मात्र आईचं गणित बदलावं लागणार. ती दिवेलागण झाल्याशिवाय जेवायला बसत नाही आणि जूनमध्ये अलास्कातल्या जुनोला सूर्य मावळतो दहाच्या सुमारास. निरांजन तर सोडाच, बोटीवर साधी मेणबत्तीही लावू देत नाहीत. बॅटरीचा दिवा घेतलाय, तो रत्नागिरीत लावतो तसाच बोटीवरच्या घड्याळात सात वाजले की लावायचा असं तिनेच सुचवलं, मग उजेडातच जेवता येईल.

बाबांना तिथला सामन खायचाय. तो मात्र बाल्कनीत नाही, डायनिंग रूममध्ये, टेबलावर बसून, गरमागरम. तळलेला किंवा भाजलेला मासा गार वाऱ्यात नेणं मला पटत नाही, आणि त्या एका जेवणाला आईसुद्धा खाली यायला तयार झालीय.