झाझेन अपडेट: 23 वर सापडलो, आणि मग चेंडू

मागच्या वेळी लिहिलेलं की झाझेनमध्ये, म्हणजे झेन पद्धतीच्या बसून करायच्या ध्यानात, श्वास मोजणं जमायला लागलंय, ते मागे घेतो. मंगळवारी पहाटे 25 मिनिटांच्या बैठकीत भानावर आलो तर मी 23 वर! सुसोकुकानमध्ये, म्हणजे श्वास मोजायच्या ध्यानात, एक ते दहा आणि परत एक, एवढंच तर करायचंय, पण आकडे आपले आपण पुढे चालत राहतात आणि मी भलतीकडेच असतो.

पाय आता मुंग्या येऊन बधिर होत नाहीत, ते झाफूमुळे, म्हणजे ध्यानाला बसायच्या गोल उशीमुळे. ऑनलाइन मागवलेला फायबरचा महिन्याभरात पोळीसारखा चपटा झाला, मग उसवून सावरीचा कापूस भरला. कंबर आपोआप उभी राहते, माझं मत विचाराल तर फायबरवर पैसे घालूच नका. भरताना नाकातोंडाला रुमाल बांधा मात्र, घरभर उडतो.

मोजण्यासाठी सगळं करून झालं. फक्त श्वास सोडताना मोजलं, दहापासून उलटं मोजलं, माळ घेतली तर बोटं मणी ओढत राहिली आणि मन मोकळं सुटलं. तीन आठवडे नुसती चिडचिड.

मग र्‍योकान आठवला. झेनच्या सोतो परंपरेतला जपानी भिक्षू आणि कवी, 1758 ते 1831, एचिगो प्रांतात कुगामी डोंगरावरच्या झोपडीत राहायचा, भिक्षेला निघाला की बाहीत दोऱ्याचा चेंडू, आणि पोरं भेटली की खेळायला बसायचा. तेइशिन नावाची तरुण भिक्षुणी 1827 मध्ये त्याला भेटायला गेली तेव्हा तिनं चेंडू आणि कविता पाठवली, आणि त्याच्या उत्तराचा अर्थ असा की तूही टप्पे देऊन बघ, एक दोन तीन करत दहा झाले की संपलं आणि तिथूनच परत सुरू. हे मी कितीदा वाचलंय, पण तो आपलीच मोजणी सांगतोय हे बुधवारी रात्री भांडी घासताना डोक्यात आलं आणि हात तसेच थांबले.

गुरुवारी तेमारी, म्हणजे तसाच दोऱ्याचा चेंडू, करायला घेतला. पहिला आईच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्यांचा, इतका घट्ट बांधला की फरशीवर धप्प, उसळीच नाही. दुसऱ्यात उरलेली सावरी मोज्यात भरली, वरून लोकर सैल गुंडाळली, मग शिवणाचा दोरा, दर वेढ्याला चेंडू थोडा फिरवत. जिवारीला, म्हणजे चेंडूवर भाग आखायला, कागदाची पट्टी आणि टाचण्या, आठ भाग केले, विषुववृत्त एका बाजूला 3 मिमी घसरलंय, राहू दे. वीतभर उसळतो!

वज्रासनात बसून दहा टप्पे, थांबायचं, परत एक. लक्ष हललं की चेंडू तळहाताच्या कडेला लागून थेट कॉटखाली जातो, माळ असं कधी करत नाही. शनिवारी दहा मिनिटं खेळून लगेच झाफूवर बसलो. पूर्ण बैठकीत दोनदाच अकरा आले आणि दोन्ही वेळा अकरा म्हणतानाच कळलं. सातव्या श्वासाला पत्र्यावरून पाण्याचा थेंब खालच्या बादलीत पडला, टप्, आणि लहानपणी दुपारी सागरगोटे खेळताना पोटरीला फरशीचा गारवा लागायचा ना, अगदी तसं सगळं जवळ आलं. किती वर्षांनी. उठावंसंच वाटेना.

एक तारखेपासून मोजणं सोडून शिकानताझा, म्हणजे नुसतं बसणं, सुरू करणार होतो, ते पुढे ढकललं. किनहिनच्या, म्हणजे चालत करायच्या ध्यानाच्या, पाच मिनिटांऐवजी आता चेंडूच. आणि हे लिहितानाच सुचलं, जपानी चेंडूंच्या पोटात आवाजासाठी घुंगरू वगैरे घालतात, मग काडेपेटीत चार चिंचोके घालून मधोमध का नको? टप्पा कानालाही ऐकू येईल. म्हणजे दुसरा उसवणं आलं, दीड तासाची गुंडाळणी गेली, हरकत नाही. आईला फोन केलाय, चिंचोके डब्यात आहेत म्हणाली.