तुम्ही विचारलंत म्हणून: सगळा वर्ग स्कॉलरशिपला का बसवते

"मॅडम, सगळा वर्ग कशाला बसवता स्कॉलरशिपच्या परीक्षेला? चार हुशार पोरं निवडा, त्यांचे जादा तास घ्या, मग निकाल बघा." पालक विचारतात, आसपासच्या शाळांच्या केंद्राच्या मीटिंगला सहकारी विचारतात, माझा सख्खा भाऊ शिक्षक आहे, तोही विचारतो. दरवेळी मी विषय बदलते, यावेळी लिहितेच.

निवडायचं कुणी? मीच ना? बीड जिल्ह्यातली वस्ती, जिल्हा परिषदेची शाळा, पाच वर्ग आणि दोन शिक्षक, दिवाळी झाली की निम्मी पोरं आईबापाबरोबर ऊसतोडीला. जूनमध्ये मी नावं काढायला बसले तर डोळ्यापुढं कोण येणार? जो रोज येतो, ज्याच्या घरी गाइड आहे, जो विचारलं की हात वर करतो तोच. असेलही तो हुशार, पण त्यात हजेरीचा भाग किती आणि डोक्याचा किती हे मला जूनमध्ये कसं कळावं?

काही वर्षांपूर्वी पाचवीत एक मुलगी होती. बुद्धिमत्तेचे प्रश्न, म्हणजे आरशातली प्रतिमा, घड्याळ, सांकेतिक भाषा, फळ्यावर माझी आकृती पूर्ण व्हायच्या आत हिचं उत्तर तयार असायचं. वाचताना मात्र अडखळायची, कारण दरवर्षी चार-पाच महिने ती उसाच्या फडावर. निवडलेल्या चारांत ती कुठल्याच शिक्षकाच्या यादीत आली नसती. मी फॉर्म भरला. दिवाळीनंतर ऊसतोडीची टोळी सांगलीकडं निघाली, पोरीला हंगामी वसतिगृहाला, म्हणजे आईबाप तोडीला गेलेल्या पोरांची गावातच सोय असते तिथं, ठेवा म्हणून मी आईला सांगितलं, आजीला सांगितलं, पण धाकटा भाऊ तान्हा, त्याला फडावरच्या झोपडीत, कोपीवर कोण सांभाळणार. फेब्रुवारीत परीक्षा आली तशी मी वडिलांना फोनवर फोन केले. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले, एक दिवस कोयता बंद म्हणजे खाडा, त्या दिवसाचे पैसे कापणार, तरी तो बाप रात्रभर एसटीनं पोरीला घेऊन आला. सकाळी परीक्षा केंद्रावर बघितलं तर तिचे हात उसाच्या पाचटानं कापलेले, रात्रीची झोप नाही, पुस्तक तीन महिने उघडलेलं नाही. तिनं दोन्ही पेपर दिले आणि संध्याकाळच्या गाडीनं दोघं परत गेले, माझ्या घरी जेवायलाही थांबले नाहीत.

निकाल लागला. बुद्धिमत्तेत आमच्या शाळेत सगळ्यात जास्त मार्क तिचे. पण प्रत्येक पेपरला 40 टक्के लागतात, आणि मराठी-गणिताच्या पहिल्या पेपरात तेवढे भरले नाहीत, म्हणून अपात्र. हंगाम संपल्यावर वडील शाळेत आले. "मॅडम, तुम्ही म्हणला पोरगी लई हुशार हाय. मग न्हाई का ती?" मी मार्क दाखवले, परत परत समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पर पास न्हाई ना." पुढं सहावीला तिचं नाव कुठल्याच शाळेत लागलं नाही.

यावर मला सांगतात, बसवलीच नसती तर बापाचा खाडा तरी वाचला असता. वाचला असता, खरंय. पण मग त्या पोरीचं डोकं काय आहे हे कुठल्या कागदावर आलं असतं? आणि तिला अपात्र ठरवताना बुद्धिमत्तेचे ते मार्क कुणीतरी बघून शाळेला एक फोन करायला काय हरकत होती? 2016-17 ला परीक्षा चौथीवरून पाचवीवर नेली तेव्हा चौथीपर्यंतच्या कितीतरी वस्त्यांवरच्या शाळांतून ती उठलीच, तेव्हाही हेच वाटलं होतं मला, ही पोरं कुणाच्या हिशेबातच नाहीत.

ज्ञान प्रबोधिनीचं उदाहरण देऊ नका. पुण्यात त्यांची प्रशाला 1969 पासून चाचण्या घेऊन मुलं निवडते, नवोदय ही सरकारी निवासी शाळाही परीक्षा घेऊनच प्रवेश देते, मान्य. पण तिथं निवडल्यावर पुढं वर्षानुवर्षं शिकवतात, नवोदयला बारावीपर्यंत राहणं-जेवणसुद्धा. स्कॉलरशिपचे पैसे मिळतात, 2023 ला पाचवीची रक्कम वर्षाला 1000 वरून 5000 केली, आमच्या पालकांना त्या पैशाचा मोठा आधार आहे. पण निकालाच्या दुसऱ्या दिवशी त्या मुलासाठी वर्गात काय बदलतं? तेच पुस्तक, तोच धडा, त्याच वेगानं.

नोकरीला लागले तेव्हा मीही चार-पाचच निवडायचे, सकाळी सातला जादा तास घ्यायचे. तेव्हाची मी आज समोर आली तर एकच विचारेल, सगळ्यांच्या मागं लागून तू त्या चौघांचं नुकसान करत नाहीस का? होतं नुकसान, नाही कशाला म्हणू. यंदा एक मुलगा आहे, सराव पेपर अर्ध्या वेळात संपवून बसतो, आणि मी तेव्हा चौघांना भागाकार समजावत असते. सहावी-सातवीची गणिताची पुस्तकं आणून दिली, त्यानं ती संपवली, आता पुढचं विचारतो तर त्याच्याजवळ बसायला मला वेळ सापडत नाही. फॉर्म मात्र यंदाही सगळ्यांचे भरलेत, टोळीबरोबर जाणाऱ्यांचेही, आणि टोळ्या परत आल्यावर एप्रिलमध्ये त्यांची वेगळी परीक्षा घ्या हे मी पुढच्या मीटिंगला परत मांडणार आहे.