कमरेतून गेलेला कुत्रा : पिंजऱ्यातले सहा आठवडे

आमच्या शेल्टरच्या फोनवर बहुतेक वेळा एवढंच कळतं, "गाडीनं उडवलंय, मागचे पाय गेलेत." यावरून काहीच ठरवता येत नाही. म्हणून आधी दहा सेकंदांचा व्हिडिओ मागवतो. पाय मोडलेला कुत्रा तो एक पाय वर धरून तीन पायांवर उभा राहायला बघतो. कणा दुखावलेला पुढच्या दोन पायांवर रेटा देतो, मागचं अर्धं अंग पोत्यासारखं फरफटतं आणि शेपूट हलत नाही. व्हिडिओत दुसरा प्रकार दिसला की सोबत प्लायवूडची फळी घ्यायची, साधारण ३ फूट बाय २ फूट. फोन करणाऱ्याला एवढंच सांगायचं : त्याला उचलू नका, तोंडात पाणी ओतू नका, घरातली वेदनाशामक गोळी देऊ नका. आयब्युप्रोफेननं कुत्र्याच्या पोटात व्रण होतात आणि पॅरासिटामॉल मांजराचा जीव घेतं. या गोळ्या देणारी माणसं मायेपोटीच देतात, त्यामुळे रागवायलाही जमत नाही.

तांबडा नावाच्या कुत्र्याची केस पुण्यातल्या कात्रज-देहूरोड बायपासच्या सेवा रस्त्यावरची. नर, वय अंदाजे ३ वर्षं, कानाला खाच म्हणजे नसबंदी झालेली, वजन नंतर भरलं १४ किलो. वेदनेतला कुत्रा ओळखीच्या माणसालाही चावतो. त्यामुळे आधी तोंड बांधायचं : गॉज बँडेजचा फास नाकावर, टोकं जबड्याखाली एकमेकांवरून नेऊन कानांमागे गाठ. उलटी होत असेल, तोंडातून रक्त येत असेल किंवा धाप लागली असेल तर तोंड बांधायचं नाही. मान जाड टॉवेलच्या गुंडाळीत धरायची. मग फळी पाठीला लावून, मानेची आणि कमरेची सैल कातडी एकाच वेळी धरून त्याला फळीवर सरकवायचं. खांदे आणि पुठ्ठे चादरीच्या पट्ट्यांनी फळीला बांधून टाकायचे. काखेत हात घालून उचललं की मधला कणा वाकतो आणि हललेला मणका आणखी हलतो. अपघातात वाचलेली मज्जारज्जू रिक्षात चढवताना गेली, असं होऊ शकतं.

हे काम करणाऱ्या प्रत्येकाचे रेबीजचे आगाऊ डोस झालेले हवेत : ०, ७ आणि २१ किंवा २८ व्या दिवशी. तरीही दात लागला तर साबणानं वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुणं आणि ० व ३ ऱ्या दिवशी पुन्हा लस. आमच्यात ज्यांचे डोस पूर्ण नाहीत ते फक्त गाडी चालवतात.

टेबलावर घेतल्यावर आधी कणा नाही, जीव बघायचा. हिरड्या गुलाबी आहेत की पांढऱ्या, दाबून सोडल्यावर २ सेकंदांत रंग परततो का, पोट फुगतंय का. मूत्राशय फुटलेला किंवा आतून रक्तस्राव होत असलेला कुत्रा पाय बघत बसलो तर हातचा जातो. हे ठीक निघालं की मग डीप पेन, म्हणजे जोरात दाबल्यावर कळ मेंदूपर्यंत पोचते का ते.

या तपासणीत नवखे हमखास फसतात. मागच्या पायाचं बोट चिमट्यानं जोरात दाबल्यावर कुत्रा पाय ओढून घेतो आणि सगळे खूश होतात. पण पाय ओढणं ही नुसती प्रतिक्षिप्त क्रिया. तिला मेंदू लागत नाही, तुटलेल्या मज्जारज्जूच्या खालीही ती शाबूत असते. बघायचं त्याच्या तोंडाकडे. मान वळवली, केकाटला, चावायला आला, निदान बाहुल्या मोठ्या झाल्या, तर कळ वर पोचली. तांबड्यानं डाव्या पायाला मान वळवून दात दाखवले, उजव्याला नुसते कान मागे घेतले. एक्स-रेमध्ये छाती आणि कंबर यांच्या सांध्यावरचा मणका थोडा सरकलेला. कळ शिल्लक, सरकणं थोडं, म्हणून ऑपरेशनऐवजी डॉक्टरांनी सहा आठवडे सक्तीची विश्रांती लिहिली. अपघातानंतर कळ अजिबात नसेल तर पुन्हा चालण्याची आशा फार कमी असते, आणि ते पहिल्या दिवशीच सगळ्यांना सांगून टाकलेलं बरं.

इथे एक घोळ होता. आम्ही पोचण्याआधी कोणीतरी डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचं इंजेक्शन देऊन गेलं होतं. स्टेरॉइडवर मेलोक्सिकॅम हे सूज-वेदनेचं औषध दिलं की आतड्याला भोक पडण्यापर्यंत मजल जाते, त्यामुळे ५ दिवस मेलोक्सिकॅम बंद, तोवर गॅबापेंटिन या दुसऱ्या वेदनाशामकावर भागवलं. डांबरासारखी काळी शी होते का, यावर लक्ष. जागेवर स्टेरॉइड टोचणाऱ्यांनी निदान चिठ्ठीवर औषधाचं नाव आणि वेळ लिहून ठेवावी, एवढीच विनंती.

आमचं शेल्टर नो-किल आहे. जागा नाही, पैसे नाहीत, कोणी घेणार नाही, या कारणांसाठी इथे प्राणी मारत नाहीत. वेदना थांबवताच येत नसतील तर दयामरणाचा निर्णय डॉक्टर घेतात. असाध्य आजारी आणि मरणासन्न जखमी कुत्र्यांसाठी २०२३ च्या एबीसी (प्राण्यांच्या जन्मनियंत्रणाच्या) नियमांतही ती तरतूद आहे. पण नो-किलची खरी किंमत पिंजऱ्यांत मोजावी लागते. कण्याची एक केस घेतली की एक पिंजरा कमीत कमी दीड महिना अडकतो आणि तेवढ्या काळात दुसऱ्या कोणाला तरी "जागा नाही" म्हणावं लागतं.

पिंजरा मोठा नको. त्याला उठून वळता येईल एवढाच. उडी मारता आली नाही पाहिजे. खाली ४ इंची फोम, त्यावर रेक्झिनचं शिवलेलं कव्हर, त्यावर रोज बदलायची सुती चादर. दर ४ तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. पुठ्ठ्याच्या हाडावर कातडी लाल दिसली की तिथे जखम होणार हे धरून चालायचं. फोमच्या जागी गोणपाट घातलं तर दोन-तीन दिवसांत हाडापर्यंत खड्डा पडू शकतो.

सहा आठवड्यांतलं सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे लघवी काढणं. "करतोय की आपल्या आपण, चादर ओली आहे," हे वाक्य ऐकलं की पोटात गोळा येतो. मूत्राशय तुडुंब भरून वरचं थेंब थेंब सांडणं म्हणजे लघवी करणं नव्हे. ताणलेलं मूत्राशय काही दिवसांत कायमचं सैल पडतं आणि साचलेल्या लघवीतला संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढतो. कण्याच्या या भागातल्या इजेत मूत्राशय कडक राहतं, तोंड आवळलेलं असतं, नरात तर जास्तच. म्हणून मूत्राशयाच्या तोंडाचा स्नायू सैल करायला डॉक्टरांनी प्राझोसिन दिलं.

पद्धत अशी. कुत्रा कुशीवर. दोन्ही तळवे पोटाच्या दोन बाजूंना, मांड्यांच्या जरा पुढे. आत पाण्यानं भरलेला फुगा लागतो, मोसंबीएवढा, कधी त्याहून मोठा. बोटांची टोकं खुपसायची नाहीत. सपाट हातांनी हळूहळू दाब वाढवत शेपटीच्या दिशेला न्यायचा आणि १०–१५ सेकंद तसाच धरायचा. आधी काहीच येत नाही, मग धार सुटते. धार थांबली की सोडायचं, पुन्हा चाचपायचं. हिसका दिला तर मूत्राशय फुटू शकतं. दिवसातून तीनदा, शेवटची खेप रात्री ११ ला. ही ११ ची पाळी भरायला आम्हाला औषधांपेक्षा जास्त त्रास झाला.

लघवी स्टीलच्या वाटीत धरून मोजायची आणि तक्त्यात लिहायची. तासाला किलोमागे साधारण १ ते २ मिली तयार होते. १४ किलोच्या कुत्र्याची ८ तासांत ११० ते २२० मिली. तक्त्यात सलग दोन खेपा ३० आणि ४० दिसल्या, तेव्हा कळलं की नवीन स्वयंसेवक पोटाचे स्नायूच दाबत होता. वास, गढूळपणा, रक्त यांपैकी काही दिसलं की नमुना कल्चरला, म्हणजे कोणते जंतू आहेत ते तपासायला. अंदाजानं अँटिबायोटिक द्यायचं नाही. खालचं अंग कोमट पाण्यानं पुसून कोरडं करायचं आणि पेट्रोलियम जेलीचा पातळ हात. झिंकचं मलम नको, चाटलं तर विष.

व्यायाम पहिले दोन आठवडे फक्त आडव्यानं. कणा न हलवता बोटं, घोटा, गुडघा, प्रत्येक सांधा १० वेळा वाकवणं-सरळ करणं, दिवसातून तीनदा. नाहीतर पाय काठीसारखे ताठ होतात. तिसऱ्या आठवड्यात पायांतली जाणीव वाढायला लागली आणि तो स्वतःची बोटं कुरतडायला लागला. मुंग्या येत असणार. गळ्यात प्लॅस्टिकचा कोन घातला, पण चांगली खूण म्हणूनच धरली. २२ व्या दिवशी पहिल्यांदा स्वतःहून धार. तरीही नंतर आठवडाभर प्रत्येक वेळी चाचपून उरलेली काढत होतो.

सहा आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे, मणका तिथेच आणि जुळलेला. मग पोटाखालून टॉवेलची झोळी घालून ५ मिनिटं उभं करणं, तेही खडबडीत फरशीवर किंवा मातीत. पंजे उलटे पडून वरची कातडी सोलते, म्हणून जुन्या जीन्सचे मोजे. ते दर दोन तासांनी काढायचे, नाहीतर आत पंजा ओला राहून सडतो. चाकांची गाडी आम्ही मुद्दाम आणली नाही. जो चालू शकतो त्याला लवकर गाडीत घातलं की पायांवर भार घ्यायचं तो सोडून देतो.

आता तांबडा चालतो, झुलत, वळताना मागचा भाग बाहेर जातो. नसबंदी केलेला कुत्रा त्याच्याच जागी सोडावा असा नियम आहे, पण सेवा रस्त्यावर त्याला बाजूला होता येणार नाही, म्हणून घर शोधतोय. विचारणा करणाऱ्याकडून आम्ही आधी घरातल्या फरशीचा फोटो मागतो. गुळगुळीत टाइल्स असतील तर खोली ते दार अशी रबरी मॅटची सलग पट्टी घालून तिचा फोटो पाठवायचा. जिना चढायचा नाही, सोफ्यावर उडी नाही, आणि पहिले १५ दिवस रोज रात्री पोट चाचपायचं. ते शिकायला शेल्टरवर दोन संध्याकाळी यावं लागतं.