घराण्यातली पहिली

मंगळवार, रात्री

आज लँड अँड रेकॉर्ड्सला ड्यूटी होती, म्हणजे इलिनॉयमधल्या ह्या नॉवू गावच्या जुन्या जागांच्या नोंदींच्या ऑफिसात. आम्ही दोघं नवरा-बायको इथं मॉर्मन चर्चचे मिशनरी. एसी, खुर्ची, समोर कॉम्प्युटर. जुलैत ही ड्यूटी लागली की बाकीच्या मिशनरी सिस्टर्स हेव्यानं बघतात. बेकरीत जिंजरब्रेड वाटत उभं राहायचं नाही, जुन्या काळच्या लांब झग्यात जिने चढायचे नाहीत, बॉनेट टोपीखाली घाम पुसायचा नाही. (नऊवारीत निदान पाय तरी मोकळे राहतात. हा झगा सावरत वॅगनमध्ये चढायचं म्हणजे चढवणाऱ्याची आणि चढणाऱ्याची दोघांचीही परीक्षा.) तरी घरी आले ती तोंड पाडून. ह्यांनी विचारलं काय झालं. काय सांगणार? काही झालंच नव्हतं.

दुपारी एक आजी आल्या, यूटाहून. बरोबर नातवंडांची पलटण. आडनाव सांगितलं, मी टाइप केलं. त्या आडनावाचं १८४० च्या दशकात इथं कोण राहत होतं, कुठल्या ब्लॉकात, कुठल्या प्लॉटवर, ते निघतं. मॉर्मन लोकांनी मिसिसिपीकाठी नॉवू आखलं तेव्हा चार-चार एकरांचे ब्लॉक पाडले आणि प्रत्येकात एकेक एकराचे चार प्लॉट. एकरभर जागा म्हणजे घर, मागे भाजी, फळझाडं, गाय, सगळं मावत होतं. कागद छापून दिला. आजींनी नकाशावर बोट ठेवलं ते उचलेचनात. सांध्यात वाकडं झालेलं बोट, नखावर उभ्या रेघा, अंगठी आता निघत नसणार अशी रुतलेली. त्या बोटाखालच्या चौकोनात त्यांच्या पणजीची पणजी राहत होती. डोळ्यांतून धारा. मी टिश्यूचा डबा पुढे सरकवला. तो तिथं ठेवलेलाच असतो, रोज लागतो.

नातवंडांतला एक, पुढचे दोन दात चेहऱ्याच्या मानानं मोठे, आठेक वर्षांचा असेल. आठ म्हणजे बाप्तिस्म्याचं वय, नुकताच झाला असावा. नकाशाकडे बघत मला म्हणाला, तुमचं कुठलं?

मी तोंड उघडायच्या आत माझ्याबरोबरची सिस्टर हसत म्हणाली, "ह्यांचं इथं कुणी नव्हतं. ह्या स्वतःच पायोनियर आहेत, त्यांच्या घराण्यातल्या पहिल्या!" (पायोनियर म्हणजे इथून वॅगनीतून पश्चिमेला गेलेले ते पहिले मॉर्मन.) आजींनी माझा हात दोन्ही हातांत धरला. सगळ्यांना फार आवडलं ते. मीही हसले. फोटो झाला.

बस, एवढंच. प्रेमानंच म्हणाली ती. मला बरं नव्हतं तेव्हा दोन दिवस सूप आणून देणारी बाई आहे. आणि हे मी पहिल्यांदा ऐकलं असंही नाही, बाप्तिस्मा घेतल्यापासून ऐकते आहे. बिशप म्हणाले होते, मिशन प्रेसिडेंट म्हणाले होते. तेव्हा तर छाती फुगायची. आज मात्र दातात सुपारीचं खांड अडकावं तसं ते अडकलंय, जीभ सारखी तिथंच जातेय.

पहिली. मी कशातली पहिली?

पणजोबा नसतील नॉवूच्या नकाशात. नगरकडच्या वडाळ्याच्या मिशनच्या रजिस्टरात असतील. १८७६-७८ चा दुष्काळ पडला त्या सुमाराची गोष्ट, आजी सांगायची. त्यांनी बाप्तिस्मा घेतला म्हणून गावानं बलुतं बंद केलं, आणि भावकीनं वाड्यातल्या विहिरीवरून उठवलं. कुठला वाडा ते लिहायला नको. गावकीची पाळी सोडली, गाव सोडलं, मिशनच्या शाळेत अक्षरं शिकले, पुढे दुसऱ्या खेड्यात पोरांना तीच शिकवली. त्यांचा सख्खा भाऊ त्यांच्या मयतीलाही आला नाही म्हणे. आजी हे सांगताना रडायची वगैरे नाही, ज्वारी पाखडत सांगायची.

मग माझं काय? फर्निचरसकट भाड्याचं अपार्टमेंट, न्यू जर्सी, दारावर दोन गोरी मॉर्मन मिशनरी पोरं, टाय लावलेली, थंडीनं नाकं लाल. चहा विचारला तर नको म्हणाली. मी कुठली विहीर सोडली? फार तर नगरच्या नातेवाइकांच्या लग्नपत्रिका यायच्या बंद झाल्या. त्यातही निम्म्या आता व्हॉट्सॲपवर येतात.

पण इथं गोष्ट सुरू करायची ती त्या दोन पोरांपासून. सकाळच्या मीटिंगमध्ये कुणी ना कुणी आपल्या पूर्वजांचं सांगतं. २४ जुलै जवळ आली की तर रोजच. १८४७ साली त्या दिवशी पायोनियर यूटातल्या सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचले. ॲरिझोनाच्या एल्डरांनी (पुरुष मिशनरींना इथं एल्डर म्हणतात) परवा सांगितलं, ४ फेब्रुवारी १८४६ ला पहिल्या वॅगन्स मिसिसिपी ओलांडून गेल्या, त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांची खापरपणजी तान्हं मूल घेऊन निघाली. सगळे गप्प ऐकत होते. मीही ऐकते, मला आवडतं. मग आमची पाळी आली की, "तुमची कन्व्हर्जन स्टोरी सांगा ना!" आधीचं सगळं म्हणजे जणू प्रस्तावना, वाचली काय, न वाचली काय.

माझ्या पणजोबांना बाप्तिस्मा देणारा साहेबही इथल्या ह्या लोकांच्याच मुलखातून, अमेरिकेतून आलेला असणार, हे कुणाला माहीत असतं? बॉस्टनच्या मिशन बोर्डाची माणसं १८१३ लाच मुंबईत आली होती. ज्या १८३१ साली मॉर्मन चर्चचे संस्थापक जोसेफ स्मिथ ओहायोतल्या कर्टलंडला राहायला गेले, त्याच साली नगरला मिशन उघडलं. एका बाजूच्या तारखा मला इथं पाठ करायला लावल्या, दुसऱ्या बाजूच्या संडे स्कूलमध्ये पाठ होत्याच. एका वहीत मांडून बघितल्या तर आमचं घराणं काही मागे नाही पडत.

लिहिता लिहिता लक्षात येतंय, हा हेवा आहे. निव्वळ. मलाही एक चौकोन हवा आहे बोट ठेवायला. आणि कुणीतरी टिश्यू पुढे करायला.

ह्यांना असलं काही होत नाही. हे ब्रिकयार्डला असले की स्वर्गात. माती कशी खणायची, घोडा फिरवून कशी मळायची, साच्यात आपटून भरायची, वाळवायची, भट्टी कशी रचायची, हात हलवून हलवून सांगतात. आणि मग, जे आम्हाला दिलेल्या माहितीत कुठंच नाही, ते सांगतात: माझी आजी भट्टीवर कामाला होती, डोक्यावर विटा वाहायची, मी तिच्या मागे मागे असायचो. श्रीरामपूरकडे. पाहुणे काय ऐकतात! एका बाईनं विचारलं, किती विटा? हे म्हणाले, मुकादम मोजायचा, आजीला मोजता येत नव्हतं. मग प्रत्येक कुटुंबाला ती छोटी आठवणीची वीट हातात द्यायची. शेजारी लोहार घोड्याच्या नालेचा खिळा वाकवून अंगठ्या करून देतो, त्याला प्रेअरी डायमंड म्हणतात; पण माणसं म्हणे आजीच्याच विटा लक्षात ठेवून जातात. हे ह्यांचं म्हणणं. लोहाराचं वेगळं असेल.

म्हणजे ह्यांनी आजीला परस्पर नॉवूत आणून बसवलीय. कुणाला विचारलं नाही, कुणी हरकत घेतली नाही. मला ते का जमत नाही? माझं तोंड तिथं उघडतं, आणि समोर कॉम्प्युटर, की-बोर्ड, आडनाव. जे आडनाव त्यात आहे तेच त्यात आहे.

रात्री जेवताना सांगितलं ह्यांना शेवटी. थोडं ऐकून घेतलं आणि एकदम उजळलेच. "अगं, १८५२ ला मॉर्मन मिशनरी ह्यू फिंडले मुंबईत उतरला होता, तिथून पुण्याला गेला! आपला माणूस पुण्यात होता तेव्हा. सांग ना तसं!"

मी म्हटलं, अहो, आपला कुठला? स्कॉटलंडचा तो.

"मग ही कुठली आपली?" भिंतीवरच्या चित्रातल्या वॅगनीकडे बोट. आणि वरणात लिंबू पिळून मोकळे.

चिडले मी. भांडी घासता घासता मनात त्यांच्याशी बरंच भांडले. मॉर्मन मंदिरात मेलेल्या पूर्वजांच्या वतीनं बाप्तिस्मा घेतात; तिथं पणजोबांचं नाव द्यायचं का नाही, ह्यावरून आमचं जे अर्धवट राहिलेलं आहे ते पुन्हा वर यायला लागलं. त्यांचा बाप्तिस्मा झालेला असताना मी पुन्हा त्यांच्या वतीनं... नको. आज तो विषय नको.

भांडी झाल्यावर हे पायाला तेल लावत बसले आणि मी एकटीच खाली नदीपर्यंत चालत गेले. डास असे की इथं १८३९ च्या उन्हाळ्यात माणसं हिवतापानं पटापटा का पडली ते सांगायला मार्गदर्शक नकोच. दलदल होती, चर खणून खणून कोरडी केली त्यांनी. मग विटांची घरं उभी केली, आणि सोडून गेले. हीबर किंबॉल म्हणून चर्चचा एक पुढारी, त्याच्या घरावर १८४५ कोरलंय. जेमतेम चार-पाच महिने राहिला असेल त्यात. मी पाहुण्यांना हे सांगते तेव्हा हमखास कुणीतरी "ओह" म्हणतं. आम्हीपण न्यू जर्सीचं घर सोडून, किराणा-भाडं पदरचं भरून दोन खोल्यांत राहतोय. आमच्याकडे बघून कुणी ओह म्हणत नाही. असो. मुलगा म्हणतो तसं म्हणतो, पण ते ओह नव्हे.

परत येताना एमाच्या, म्हणजे जोसेफ स्मिथच्या बायकोच्या, घरावरून आले. दोन वर्षांपूर्वीपर्यंत ही घरं दुसऱ्या चर्चकडे होती. २०२४ च्या मार्चमध्ये आपल्या चर्चनं घेतली, आता आमच्याच ड्यूट्या लागतात तिथं. इतके दिवस मी एमाचं पटकन उरकायचे. नवरा १८४४ ला कार्थेजच्या तुरुंगात मारला गेला, सगळी मंडळी पश्चिमेला गेली, ही राहिली. १८४७ मध्ये दुसरं लग्न केलं, चर्चबाहेरच्या माणसाशी. १८७९ ला इथंच वारली. आम्ही गेलेल्यांच्या गोष्टी सांगायला इथं आहोत, राहिलेलीची काय सांगायची? पण सासू तिच्याकडेच होती ना. जोसेफची आई, लूसी. सुनेनं दुसरा संसार मांडला तरी म्हातारी शेवटची वर्षं सुनेच्याच घरात, १८५६ ला वारेपर्यंत. आपल्याकडे सख्ख्या मुलाकडे इतकं टिकत नाही कुणी. त्या दोघींचं काय बोलणं होत असेल? बाकीचे सगळे तिकडे पायोनियर झाले आणि ह्या इथं पडवीत शेंगा सोलतायत.

आणि ह्या सगळ्यांच्याही आधी ह्याच वळणावर इथल्या मूळच्या सॉक लोकांचं गाव होतं, क्वॉशक्वेमा नावाच्या सरदाराचं. १८४९ ला फ्रेंच इकेरियन, सगळं सामाईक ठेवणाऱ्या पंथाची माणसं, आले, ओसाड पडलेल्या घरांत शिरले. द्राक्षं लावली गेली, अजून सप्टेंबरात द्राक्षांचा उत्सव असतो. इथं पहिलं कोण हे त्या नकाशाला विचारायची सोयच नाही, तो मधल्या सात वर्षांचाच आहे! मला एकटीलाच हसू आलं. समोरून परफॉर्मिंग मिशनरी, म्हणजे कार्यक्रम करणारी पोरं, ड्रम वाजवून घामाघूम परत येत होती, त्यांना वाटलं सिस्टरला कार्यक्रम आवडला.

उद्या तो पोरगा परत आला (नाही येणार, त्यांची बस सकाळीच मिझूरीला) तर सांगेन, माझं कुठलं ते ह्या नकाशाच्या बाहेर आहे, टेबल संपतं तिथं, खुर्चीवरून उठून चार पावलं टाक, तिथं. पोरांना असली उत्तरं आवडतात. सिस्टरला काय वाटायचं ते वाटो. नाही, तिला मी नीट सांगेन, सूप आणून देते.

फक्त सांगायला पणजोबांची तारीख पाहिजे. इथं तारखेशिवाय बोललं की पोकळ वाटतं, सवय लागलीय. घरी येऊन नगरच्या चुलतभावाला मेसेज टाकला: पणजोबांचा बाप्तिस्मा कुठल्या सालचा? लगेच उत्तर. तिकडे सकाळ झालेली. "तुला आत्ता कशाला पाहिजे? पाळकसाहेबांना विचारावं लागेल, रजिस्टर काढायला ते अर्ज मागतात." पाठोपाठ दुसरा: "आत्याला पाठ आहे सगळं. तिला विचार की."

आत्याला. पप्पांच्या मयतीनंतर आत्या माझ्याशी दोनदा बोलली असेल, आणि दोन्ही वेळा जमिनीच्या सहीबद्दल. "अमेरिकेत जाऊन आमच्या अमेरिकन साहेबांना सोडलं हिनं," हे तिचं वाक्य सगळ्या नगरभर झालंय. तसं वाक्य बरंच आहे. मला सुचलं असतं तर मीही वापरलं असतं.

इथले साडेनऊ वाजले म्हणजे तिकडे आठ. आत्याचा चहा झालेला असणार, पेपर हातात, फोन बाजूला, चष्मा लावून आधी नंबर वाचते आणि मग ठरवते. हे म्हणतायत व्हिडिओ कॉल कर, पेपर बाजूला ठेवावाच लागेल. मी साधाच करतेय. बॉनेटचे वळ अजून हनुवटीखाली दिसतायत, त्यावरून आणखी दहा प्रश्न नकोत.