सिनॉप्सिसच्या शीर्षकात नेटवर्कचं नाव लिहू नका : एफपीजीए प्रोजेक्टचा माझा अनुभव

एम.ई.चा प्रबंध केव्हाच बाइंड होऊन लायब्ररीत गेलाय, तरी 'शीर्षक बदलाचा अर्ज' एवढे शब्द कानावर पडले की माझं डोकं अजून तापतं. न्यूरल नेटवर्क आणि ते चालवणारं हार्डवेअर, दोन्ही एकमेकांकडे बघत घडवायचं, हा माझा विषय. आणि कॉलेजच्या फॉर्मला त्यातलं एक पहिल्याच सेमिस्टरला कायमचं लिहून हवं होतं. यंदा असा विषय घेणाऱ्यांचे मेसेज येतायत, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

काम असं होतं. द्राक्षाच्या पानाचा फोटो घ्यायचा आणि रोग ओळखायचा; तोही बागेत, नेटशिवाय, कमी विजेवर चालणाऱ्या बोर्डावर. बोर्ड पिंक-झेड2, म्हणजे एफपीजीए बोर्ड; त्याच्या चिपमधलं सर्किट आपण स्वतः रचू शकतो. त्यावरच्या झिंक 7020 चिपमध्ये दोन एआरएम कोअर (नेहमीचे प्रोसेसर), 220 डीएसपी स्लाइस (गुणाकार करणारे तयार भाग) आणि 140 ब्लॉक रॅम (मेमरीचे तुकडे), म्हणजे चिपच्या आत जेमतेम 630 केबी जागा. बाकी सगळं बाहेरच्या 512 एमबी डीडीआर मेमरीमध्ये. बोर्ड मिळवणं, टूल बसवणं, पहिला एलईडी लुकलुकवणं यात सांगण्यासारखं काही घडलं नाही. फक्त यूएसबीच्या विजेवर भिस्त ठेवू नका. पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत 12 व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर मिळतो, तो घ्या आणि एसडी कार्डात पैसे वाचवू नका.

सिनॉप्सिसच्या, म्हणजे प्रबंधाच्या सुरुवातीच्या आराखड्याच्या वेळी समितीचा आग्रह होता की शीर्षक 'नेमकं' हवं. मी 'कन्व्होल्यूशनल नेटवर्क' (चित्रावर छोट्या चाळण्या फिरवून खुणा शोधणारं न्यूरल नेटवर्क) लिहिलं होतं. एक सर म्हणाले, "कुठलं नेटवर्क? शंभर आहेत. नाव लिही." मग मोबाइलनेट-व्ही2 असं नाव घातलं गेलं. तेव्हा सगळ्यांनाच ते शहाणपणाचं वाटलं, कारण मोबाइलनेट म्हणजे हलकं: 224 बाय 224 च्या चित्राला साधारण 30 कोटी गुणाकार-बेरजा, 34 लाख पॅरामीटर, म्हणजे नेटवर्कने शिकलेले आकडे, वेट्स. हजार वर्गांचा शेवटचा थर काढला की 22 लाख उरतात. आठ बिटांत ठेवले तरी 2.2 एमबी. म्हणजे वेट्सच चिपच्या आतल्या जागेच्या साडेतीन पट. हे गणित पाकिटाच्या पाठीवर मावतं, पण सिनॉप्सिसच्या फॉर्मवर त्यासाठी रकाना नाही.

मी 12 ओळी आणि 16 स्तंभांचा गुणकांचा अ‍ॅरे केला होता. 192 डीएसपी, 100 मेगाहर्ट्‌झ. ओळींतून इनपुट चॅनल (चित्राचे एकेक पदर, जसे लाल, हिरवा, निळा) जातात, स्तंभांतून आउटपुट चॅनल निघतात. मोबाइलनेटचा हलकेपणा ज्यावर उभा आहे ते डेप्थवाइज कन्व्होल्यूशन इथेच अडतं. त्यात प्रत्येक आउटपुट चॅनलला साध्या कन्व्होल्यूशनसारखे सगळे नाही, एकच इनपुट चॅनल लागतो. त्यामुळे 192 पैकी फक्त कर्णावरचे 12 गुणक काम करतात, बाकीचे शून्याने गुणत बसतात. म्हणून उरलेल्या 28 डीएसपींपैकी 27 घेऊन डेप्थवाइजसाठी वेगळं छोटं युनिट केलं: तीन चॅनल, प्रत्येकाला नऊ गुणक.

आता नेटवर्कचा एकच ब्लॉक (तीन थरांचा गट) घेऊन हिशेब मांडते, कारण पुढे सगळं यावरच अडलं. 56 बाय 56 चं चित्र, 24 चॅनल. ते आधी 144 चॅनलपर्यंत फुगवायचे, त्यावर डेप्थवाइज, मग पुन्हा 24. फुगवायला 1.08 कोटी गुणाकार, डेप्थवाइजला 41 लाख, परत आकसायला 1.08 कोटी. अ‍ॅरेवर फुगवणं 0.56 मिलिसेकंदात होतं. आकसणं 0.75, कारण 24 चॅनल 16 स्तंभांवर बसवायला दोन फेऱ्या लागतात आणि दुसऱ्या फेरीत अर्धे स्तंभ रिकामे. आणि डेप्थवाइजला त्या 27 गुणकांवर 1.5 मिलिसेकंद. म्हणजे कामाचा सहावा हिस्सा निम्म्याहून जास्त वेळ खातोय.

शिवाय ये-जा वेगळीच. 144 चॅनलचा मधला डेटा 451 केबी भरतो. तो डेप्थवाइजला इनपुट म्हणून एकदा लागतो आणि तेवढाच आउटपुट म्हणून निघतो. दोन्ही मिळून 630 केबीत मावत नाहीत. मग डीडीआरमध्ये लिहा, परत वाचा. एका ब्लॉकमागे जवळपास 2 एमबीची वाहतूक. चिप-संशोधक मार्क होरोविट्झ यांनी 2014 मध्ये दिलेले ऊर्जेचे आकडे या क्षेत्रात सगळ्यांना पाठ असतात: 45 नॅनोमीटरच्या चिपवर आठ बिटांचा एक गुणाकार 0.2 पिकोज्यूल, आणि बाहेरच्या डीरॅममधून 32 बिट वाचायला 640 पिकोज्यूल. गुणाकार फुकटच म्हणायचे, बिल येतं ते वाहतुकीचं. ब्लॉकचे तिन्ही थर तुकड्या-तुकड्यांनी एकत्र चालवता येतात. तेही करून पाहिलं. वाहतूक घटली, पण त्या 27 गुणकांसमोरची रांग हटली नाही.

उपाय दिसत होता. डेप्थवाइज काढायचं, साधं 3 बाय 3 कन्व्होल्यूशन घालायचं आणि चॅनलची संख्या अ‍ॅरेला जुळेल अशी निवडायची. 48 घेतले तर ते 12 नेही भाग जातात आणि 16 नेही. 48 वरून 48 अशा एका थराला साडेसहा कोटी गुणाकार लागतात, म्हणजे जुन्या ब्लॉकच्या अडीच पट. वेळ मात्र 3.4 मिलिसेकंद, जुन्या 2.8 च्या तुलनेत थोडासाच जास्त, आणि वाहतूक 2 एमबीवरून 0.3 वर. वेट्स फक्त 20 केबी, आरामात चिपच्या आत. असे थर जास्त दमदार असतात, त्यामुळे कमी पुरतात.

हे मी मार्गदर्शक सरांना दाखवलं. सरांना पटलं. मग म्हणाले, "पण अगं, मोबाइलनेटमधून डेप्थवाइज काढलं तर ते मोबाइलनेट राहील का?"

इथून तो अर्ज सुरू होतो.

पीजी सेक्शनच्या खिडकीवर दोन प्रकारचे फॉर्म असतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मला मिळाला तो 'विषय बदल'. त्यात 'बदलाचे कारण' या रकान्याला दोन ओळी. वर जे लिहिलंय ते दोन ओळींत मांडून बघा. मी लिहिलं, "हार्डवेअरवरील प्रयोगांनंतर नेटवर्कच्या रचनेत बदल आवश्यक." क्लार्ककाकांनी चष्म्यावरून पाहिलं. "विषय बदलतोय म्हणजे सेमिस्टर पुन्हा धरावं लागेल." मी म्हटलं, "काका, विषय तोच आहे, फक्त नेटवर्क बदलतंय." "मग शीर्षकात का लिहिलंत?"

याला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते खिडकीवर देण्यासारखं नव्हतं.

अर्जावर मार्गदर्शकांची सही झाली. विभागप्रमुखांची झाली. सहमार्गदर्शक मॅडम कॉम्प्युटर विभागाच्या, म्हणून तिकडच्या विभागप्रमुखांचीही लागेल, असं नंतर निघालं. ते म्हणाले, हा तर हार्डवेअरचा प्रबंध, आमच्या सहीचं काय काम? आमच्या विभागात ऐकायला मिळालं, नेटवर्क हा त्यांचा प्रांत, आम्ही कसं मंजूर करणार? ज्या दोन गोष्टी एकत्र घडवायला मी निघाले होते त्या दोन वेगवेगळ्या इमारतींत बसतात, आणि मधल्या व्हरांड्यात माझी फाइल. शेवटी सह्या जमल्या, तर समितीची बैठक पुढच्या सेमिस्टरच्या तोंडावर. तोपर्यंत 'मंजूर शीर्षकानुसार काम चालू ठेवावे'.

म्हणजे जे चालणार नाही हे हिशेबाने दिसतंय, तेच घासत बसा. त्या काळात मी रोज संध्याकाळी इम्प्लिमेंटेशन (डिझाइन चिपवर बसवण्याचं टूलचं काम) लावून घरी जायचे आणि सकाळी येऊन टायमिंग रिपोर्ट उघडायचे. वर्स्ट निगेटिव्ह स्लॅक लाल, उणे; म्हणजे सिग्नल घड्याळाच्या एका ठोक्यात पोचत नाही. डेप्थवाइज युनिटमधूनच जाणारा मार्ग. पाइपलाइनची एक पायरी वाढवा, पुन्हा लावा, पुन्हा सकाळ. कशासाठी? फॉर्मवरचं नाव खरं राहावं म्हणून.

तिढा सुटला तो समितीतल्या एका ज्येष्ठ मॅडममुळे. त्यांनी फाइल चाळली आणि विचारलं, "हा 'विषय बदल' कशाला भरलास? 'शीर्षकात दुरुस्ती' भर. त्याला बैठक लागत नाही, अध्यक्षांची सही पुरते." नेटवर्कचं नाव गेलं, त्या जागी 'लघु कन्व्होल्यूशनल नेटवर्क' आलं. सही त्याच दुपारी. इतका वेळ अडलेलं काम एका वेगळ्या छापील कागदाने होतं, याचा आनंद मानावा की आणखी चिडावं, हे मला त्या जिन्यात उभं राहून ठरवता आलं नाही. तुम्ही खिडकीवर गेलात तर दोन्ही फॉर्म मागा. आणि अर्जासोबत पूर्वीचं उदाहरण जोडा. मी जोडलं होतं ते गूगलचं: 2019 मध्ये त्यांनी एज टीपीयू या आपल्या छोट्या एआय चिपसाठी एफिशियंटनेट हे नेटवर्क बेतलं, तेव्हा काही ठिकाणी मुद्दाम साधं कन्व्होल्यूशन घातलं, कारण गुणाकार वाढूनही त्या चिपवर ते जास्त वेगाने चालतं. मॅडमनी तेच पान उघडलेलं मी पाहिलं.

त्यानंतर काम पळालं. डेप्थवाइज युनिट पुसून टाकलं, टायमिंग पहिल्याच खेपेला हिरवं. पहिल्या थराला लाल-हिरवा-निळा असे तीनच चॅनल, म्हणजे 12 पैकी नऊ ओळी रिकाम्या. त्यावर 2 बाय 2 पिक्सेलांचा एकेक गठ्ठा केला: तीन चौक बारा, ओळी भरल्या. या युक्तीचा मला अजूनही थोडा गर्व आहे.

चित्र 112 वर आणा, सगळं चौपट स्वस्त होईल, असा सल्ला तुम्हालाही मिळेल. आधी पानं बघा. केवडा (डाउनी मिल्ड्यू) या रोगाचे सुरुवातीचे तेलकट पिवळसर डाग लहान असतात. 112 वर ते पुसले जातात आणि नेटवर्क बिचारं निरोगी म्हणून मोकळं होतं. प्लांटव्हिलेज या पानांच्या तयार फोटोसंग्रहावर हे कळतच नाही. तिथे द्राक्षाचे ब्लॅक रॉट, एस्का, लीफ ब्लाइट आणि निरोगी असे चारच वर्ग आहेत, केवडा नाहीच. मी फोटो काढले ते पिंपळगावजवळ मामांच्या बागेत, पानाच्या दोन्ही बाजूंचे, कारण पांढरी बुरशी खालच्या बाजूला येते. "फोटो काढून औषध मारायचं वाचणार आहे का?" मामी विचारत होत्या. मी म्हटलं, बघू.

राहून गेलेलं एक: ज्यांना डेप्थवाइज ठेवायचंच आहे त्यांनी आठ बिटांवर आणताना प्रत्येक चॅनलला वेगळा स्केल (आकडे आठ बिटांत बसवायचं माप) द्या. पूर्ण थराला एकच स्केल दिला तर अचूकता कोसळते, कारण चॅनलागणिक वेट्सची व्याप्ती फार वेगळी असते. आणि स्केल दोनच्या घातात बसवलात तर हार्डवेअरमध्ये गुणाकाराऐवजी नुसतं शिफ्ट पुरतं. ट्रेनिंग करतानाच हे बंधन घाला, नंतर नाही.

आणि डीएमएचा (प्रोसेसरला मध्ये न घेता डेटा हलवणाऱ्या भागाचा) बफर अ‍ॅरेला देण्याआधी फ्लश करा, म्हणजे कॅशमधला डेटा डीडीआरमध्ये उतरवा. अ‍ॅरे ज्या एचपी पोर्टमधून डीडीआर वाचतो त्याला एआरएमच्या कॅशमधलं (प्रोसेसरच्या जवळच्या मेमरीतलं) दिसत नाही. उत्तर कधी बरोबर, कधी आधीच्याच पानाचं येत असेल तर नेटवर्कला दोष देण्याआधी ही एक ओळ घालून बघा.