घरच्या स्टुडिओसाठी मास्टरिंगचे सॉफ्टवेअर : निवडीची नोंद

अल्बममधील सर्व गाण्यांचे मिक्स २४ बिटांच्या फायलींत उतरवून झाले असल्यामुळे, इतके दिवस बाजूला ठेवलेला मास्टरिंगच्या, म्हणजे तयार मिक्सवर प्रकाशनापूर्वी शेवटचा हात फिरवण्याच्या, सॉफ्टवेअरचा प्रश्न आता निकाली काढणे भाग होते. एकाच खिडकीत इक्वलायझर (वारंवारतांचा तोल साधणारा), कॉम्प्रेसर (पातळीचे चढउतार कमी करणारा), स्टिरिओची रुंदी आणि लिमिटर (शिखरे रोखणारा) देणारा ओझोनसारखा तयार संच घ्यावा, किंवा रीपर या ध्वनिमुद्रण-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये सुटे प्लगइन (जोड-प्रोग्राम) एकापुढे एक लावून स्वतःची साखळी बांधावी, असे दोन मार्ग समोर होते. मी दुसरा मार्ग धरला आणि त्याचे कारण केवळ खर्चाचे नाही. तयार संचातील साहाय्यक गाण्याचा थोडा भाग ऐकून सुरुवातीची मांडणी करून देतो हे खरे; परंतु त्यातला कोणता टप्पा खरोखर आवश्यक होता हे ठरवण्यासाठी शेवटी एकेक टप्पा बंद करून ऐकावेच लागते, आणि तेवढे ऐकायचेच असेल तर साखळी आपल्या हाताने बांधलेली बरी.

निवडीची सुरुवात मी मीटरपासून केली, कारण किती जोरात जायचे हे ठरल्याशिवाय लिमिटरची परीक्षा घेता येत नाही. लाउडनेस, म्हणजे कानाला जाणवणारा जोर, मोजण्याची आजची पद्धत आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या बीएस.१७७० या शिफारशीवर उभी आहे. ती २००६ साली प्रथम आली आणि तिच्यात कानाच्या संवेदनशीलतेनुसार वारंवारतांना कमीअधिक वजन देऊन एलयूएफएस या एककात सरासरी काढली जाते. युरोपातील प्रसारणासाठी ईबीयू या युरोपीय प्रसारण संघाच्या आर १२८ शिफारशीने −२३ एलयूएफएस ही पातळी ठरवली. संगीत ऐकवणाऱ्या सेवांपैकी स्पॉटिफाय नेहमीच्या मांडणीत −१४ च्या आसपास आणि ॲपल म्युझिक −१६ च्या आसपास गाणी आणून ठेवते. याचा व्यावहारिक अर्थ असा की −८ पर्यंत ढकललेले गाणे स्पॉटिफायवर सुमारे ६ डेसिबलने खाली ओढले जाते; ते इतरांपेक्षा जोरात तर वाजत नाहीच, शिवाय लिमिटरने चेपलेले आघात मात्र तसेच चेपलेले राहतात. यूलीन लाउडनेस मीटरची विनामूल्य आवृत्ती ही सरासरी, क्षणिक पातळी, चढउताराची व्याप्ती आणि ट्रू पीक (सॅम्पलांच्या मधल्या लहरीसकट खरे शिखर) हे सारे दाखवते, त्यामुळे मीटरवर पैसे घालण्याचे कारण उरले नाही. सोबत व्हॉक्सेंगोचा स्पॅन हा विनामूल्य स्पेक्ट्रम ॲनालायझर ठेवला आहे. त्याचा आलेख मुळातच दर सप्तकाला ४.५ डेसिबलने तिरका करून दाखवलेला असतो, हे नवख्याने ध्यानात ठेवावे. अन्यथा सपाट दिसणारी रेघ खरोखरच सपाट आहे असा त्याचा गैरसमज होईल.

इक्वलायझर आणि कॉम्प्रेसर यांचा निर्णय लवकर झाला. डिजिटल इक्वलायझरपैकी बहुतेक कोणतेही दोन एकाच वक्रावर बसवून, एकाची ध्रुवता उलटी करून एकत्र मिसळले की जवळजवळ शांतता उरते. फरक उरतो तो मुख्यतः वरच्या टोकाला, जिथे ४४.१ किलोहर्ट्झच्या फायलीत काही साधे इक्वलायझर २२ किलोहर्ट्झच्या दिशेने वक्र आखडून टाकतात. टोकियो डॉन लॅब्जचा नोव्हा विनामूल्य असूनही डायनॅमिक आहे, म्हणजे गायकाचा आवाज चढतो तेवढ्यापुरतीच कर्कश पट्टी तो खाली घेतो. त्याच घरचा कोटेल्निकोव्ह हा कॉम्प्रेसर एक-दोन डेसिबलच्या कामात आपले अस्तित्व जाणवू देत नाही, आणि मास्टरिंगमध्ये मला तेवढेच हवे आहे.

खरी घासाघीस लिमिटरपाशी झाली, आणि पैसे खर्च करायचेच असतील तर ते इथे करावेत असे माझे मत आहे. लिमिटर शिखर येण्यापूर्वी पातळी खाली घेतो आणि नंतर ती परत सोडतो. हा सोडण्याचा काळ खर्जाच्या एका आवर्तनापेक्षा कमी पडला की तो लहरीच्या आतच पातळी हलवू लागतो आणि विरूपता ऐकू येते. ५० हर्ट्झच्या लहरीचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असते, त्यामुळे डग्ग्याचा घुमारा आणि त्यावर तबल्याची चाट असा भाग हा माझा कसोटीचा तुकडा ठरला : चाटेला झटपट सुटका हवी असते आणि घुमाऱ्याला संथ. लाउडमॅक्स या विनामूल्य लिमिटरमध्ये मुख्य दांडे दोनच आहेत. तो −१४ ते −१२ एलयूएफएसच्या दरम्यान, शिखरांवर दोन-तीन डेसिबलची कपात होत असताना, विकतच्या लिमिटरच्या चाचणी आवृत्तीपासून मला वेगळा ओळखता आला नाही. −९ च्या पुढे मात्र डग्गा फाटू लागला आणि विकतचा लिमिटर स्पष्टपणे पुढे गेला. मला तिथवर जायचेच नसल्यामुळे खरेदी केली नाही. नृत्यसंगीत किंवा जड गिटारांचे काम करणाऱ्याचा निर्णय याच पुराव्यावर उलटा होऊ शकेल, आणि तो योग्यच असेल.

ही तुलना करताना प्रत्येक वेळी दोन्ही बाजूंची लाउडनेस मीटरवर सारखी करून घेतली, कारण अर्ध्या डेसिबलने मोठे वाजणारे कानाला हमखास चांगले वाटते आणि प्लगइनच्या जाहिराती याच दुबळेपणावर पोसलेल्या असतात. शिखरांची मर्यादा −१ डीबीटीपी (ट्रू पीकचे डेसिबल) ठेवली आहे. दोन सॅम्पलांच्या मध्ये लहर वर जाऊ शकते, आणि फाइल एमपी३ किंवा एएसीत आकुंचित होताना शिखरे आणखी थोडी वाढतात.

परवान्यांविषयी थोडे. रीपर ६० दिवस पूर्ण क्षमतेने वापरून पाहता येते आणि त्याचा परवाना दोन मुख्य आवृत्त्यांपर्यंत चालतो. मासिक वर्गणीचे पर्याय मी यादीतून सुरुवातीलाच वगळले. वर्गणी थांबल्यावर जुना प्रकल्प उघडताना अर्धी साखळी बंद पडावी, हे छंदाच्या कामाला परवडणारे नाही. डिदर (बिट कमी करताना मिसळायचा सूक्ष्म गोंगाट) फक्त १६ बिटांच्या प्रतीला आणि तोही अगदी शेवटी एकदाच द्यायचा आहे, त्यासाठी वेगळे काही घ्यावे लागले नाही.

आता उरले आहे ते गाण्यांमधील अंतरे बसवण्याचे आणि सीडीसाठी डीडीपी (कारखान्याला द्यायचा फायलींचा संच) काढण्याचे काम. रीपर मार्करच्या नावाच्या सुरुवातीला # लावून गाण्यांच्या खुणा आणि आयएसआरसी (प्रत्येक ध्वनिमुद्रणाचा ओळख-क्रमांक) घेते. तो निर्यातीचा भाग तपासून झाल्यावर पुढची नोंद त्यावर असेल. तोवर कोणी लाउडमॅक्सऐवजी पाच टप्प्यांचा लिमिटर नंबर ६ अशाच खर्जप्रधान मिक्सवर वापरला असेल, तर त्यातील क्लिपरचा (शिखरे सरळ छाटण्याचा) टप्पा चालू ठेवला की बंद, हे अवश्य कळवावे.