क्रूझचं बुकिंग कधी करावं: नेरुळहून केलेल्या आखणीचा अनुभव

सहा माणसं, दोन केबिन, दिवाळीच्या सुट्टीतल्या चार रात्री. ठरवायचं एवढंच होतं, पण तारीख आणि बुकिंगची वेळ जुळवायला जवळजवळ दोन महिने गेले. त्यातले पहिले तीन आठवडे मी चुकीचाच प्रश्न विचारत होते: ‘ऑफर कधी लागते?’ विचारायचे प्रश्न खरं तर दोन आहेत. जहाज कोणत्या तारखेला निघालेलं आपल्याला सोयीचं, आणि त्या तारखेच्या किती आधी पैसे अडकवायचे. दोन्हींची गणितं वेगळी आहेत, आणि एजंट ती हटकून एकत्र करून सांगतो.

आधी समुद्राचं बोलू. आपल्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 ऑगस्ट हा खवळलेल्या समुद्राचा काळ. गेटवे-मांडवा लाँचही तेव्हा बंद असतात आणि मुंबईहून क्रूझही साधारण सप्टेंबरनंतरच सुरू होतात. नारळी पौर्णिमेला दिवाळे कोळीवाड्यात समुद्राला नारळ वाहिला जातो, तेव्हा समुद्र शांत झाला असं आपण मानतो. कोळी बांधवांच्या होडीसाठी ते ठीक. ज्याला बोट लागते त्याने मात्र आणखी थांबावं. मुंबईतून पाऊस परतण्याची सरासरी तारीख 8 ऑक्टोबर आहे. त्यानंतरचे काही आठवडे आकाश निरभ्र दिसतं, पण अरबी समुद्रात चक्रीवादळांचे दोन हंगाम असतात: पावसाळ्याच्या तोंडावर मे-जूनमध्ये आणि पाऊस गेल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. 2019च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात ‘क्यार’ आणि ‘महा’ पाठोपाठ आली, जून 2020मध्ये ‘निसर्ग’, मे 2021मध्ये ‘तौक्ते’. वादळ किनाऱ्याला धडकलं नाही तरी जहाजाचा मार्ग बदलतो, एखादं बंदर गाळलं जातं. कराराच्या अटींत कंपनीने तो हक्क राखलेला असतो, त्यामुळे पूर्ण भाडं परत मागता येत नाही. मुंबई-गोवा किंवा लक्षद्वीप करायचं असेल तर डिसेंबरचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारी हा सगळ्यात शांत काळ. त्यातले नाताळ आणि 31 डिसेंबर वगळा. तेव्हा समुद्र शांत असला तरी दर शांत नसतात.

लक्षद्वीपबद्दल एक गोष्ट वेगळी सांगते. तिथे मोठं जहाज धक्क्याला लागत नाही. बाहेर नांगर टाकतं आणि माणसं छोट्या बोटींतून बेटावर जातात. जहाजावर जाणवतही नाही एवढी लाट छोट्या बोटीला शिडीशी स्थिर राहू देत नाही, आणि मग उतरणंच रद्द होतं. ज्येष्ठांना घेऊन जायचं तर या फेरीसाठी जानेवारी-फेब्रुवारीच धरा.

आम्हाला सुट्टी दिवाळीची होती, म्हणून सिंगापूरहून निघून पेनांग-फुकेत करणारी फेरी बघितली. मलाक्काची सामुद्रधुनी दोन्ही बाजूंनी जमिनीने झाकलेली, त्यामुळे तिथे हेलकावे कमी. फुकेतला मात्र बऱ्याच फेऱ्यांत जहाज पातोंगच्या खाडीत उभं राहतं आणि उतरणं पुन्हा छोट्या बोटींतून. मे ते ऑक्टोबर हा तिथला नैऋत्य मोसमी वाऱ्यांचा काळ, म्हणून फुकेत हवं असेल तर नोव्हेंबर ते एप्रिल.

आणि आता तो मुद्दा, जो मला कुणीच सांगितला नाही. जहाजाचा दर आपल्या सुट्टीवर ठरत नाही, जहाज ज्यांनी भरतं त्यांच्या सुट्टीवर ठरतो. सिंगापूरच्या शाळांना मार्च आणि सप्टेंबरमध्ये आठवडाभर, मेअखेरीपासून जूनअखेरीपर्यंत चार आठवडे आणि नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास सुरू होऊन डिसेंबर संपेपर्यंत मोठी सुट्टी असते. म्हणजे आपली उन्हाळी सुट्टी धरायची तर मेचे पहिले तीन आठवडे. जून उजाडला की तिथलीच गर्दी. दिवाळीची एक दिवसाची सार्वजनिक सुट्टी तिथेही असते, त्यामुळे तिला जोडून येणारा शनिवार-रविवारही महाग. 2026मध्ये लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला, रविवारी आहे आणि भाऊबीज 11 तारखेला. तिथली मोठी सुट्टी लागण्याआधी आणि आपली भाऊबीज आटोपल्यावर मधे एक फट उरते. सोमवार 16 ते शुक्रवार 20 नोव्हेंबर ही चार रात्रींची फेरी त्या फटीत बसली. शुक्रवारी निघणाऱ्या तीन रात्री आणि सोमवारी निघणाऱ्या चार रात्री यांचे दर शेजारी ठेवून बघा. सोमवारची फेरी एक रात्र जास्त देऊनही माणशी फारशी जास्त पडत नाही, कारण स्थानिक नोकरदार शुक्रवारच उचलतात.

तारीख ठरली, आता बुकिंग किती आधी?

दोघंच असाल आणि कुठलीही केबिन चालत असेल तर घाई नाही. चार जण एका केबिनमध्ये हवे असतील तर वेळापत्रक खुलं झाल्यावर जितक्या लवकर जमेल तितक्या लवकर. जहाजात हजार-दीड हजार केबिन असल्या तरी भिंतीतून किंवा छतातून खाली येणाऱ्या दोन जादा बर्थ असलेल्या केबिन त्यातल्या काहीच. दुसरं कारण बाहेरच्यांना दिसत नाही: लाइफबोट. प्रत्येक केबिन एका ठरावीक जमाव-ठिकाणाला (संकटात जिथे जमायचं ती जागा) आणि तिथल्या लाइफबोटीला जोडलेली असते. त्या भागातल्या बोटीची माणसं पूर्ण झाली की वेबसाइटवर केबिन मोकळी दिसते, पण प्रवासी दोनवरून चार केले की ‘उपलब्ध नाही’. एजंट मग दोन-दोनच्या दोन केबिन गळ्यात मारतो, आणि त्यात मुलांनाही मोठ्यांचंच पहिलं-दुसरं भाडं लागतं.

हे भाडं कसं असतं ते आकड्यांत बघू. केबिनमधल्या पहिल्या दोघांना पूर्ण दर, तिसऱ्या-चौथ्याला कमी. एकटा माणूस असेल तर बहुधा दोघांचं भाडं. समजा, पहिल्या दोघांना माणशी 40,000 आणि तिसऱ्या-चौथ्याला 20,000. आमच्या चौघांची केबिन 1,20,000 आणि आई-बाबांची 80,000, एकूण 2,00,000. आता ‘तिसरा-चौथा प्रवासी मोफत’ अशी जाहिरात आली आणि त्याच वेळी मूळ दर 52,000 झाला. चौघांची केबिन 1,04,000 म्हणजे खरंच स्वस्त. पण आई-बाबांचीही 1,04,000. बेरीज 2,08,000. मोफत मिळूनही आठ हजार जास्त. जानेवारी ते मार्च हा जगभर क्रूझ कंपन्यांच्या सवलतींचा मोसम, आणि त्यातल्या बऱ्याचशा सवलती याच जातीच्या असतात. पोर्ट चार्जेस, कर आणि रोजची माणशी ग्रॅच्युइटी (जहाजावरच्या कर्मचाऱ्यांची ठरावीक टिप) मोफतवाल्यालाही लागते. म्हणून मी एजंटला एकच वाक्य लिहून पाठवायचे: ‘सहा जणांचं, दोन केबिनचं, ग्रॅच्युइटी-कर-टीसीएस धरून, एकूण किती?’ उत्तर एका आकड्यात आलं नाही तर ते उत्तर मी धरतच नव्हते. टीसीएस म्हणजे परदेशी सहलीच्या पॅकेजवर विक्रेता आधीच गोळा करतो तो आयकर. तो विवरणपत्र भरताना वळता करता येतो, तेव्हा तो ज्याच्या पॅनवर कापायचा ते नावही आधीच ठरवा.

लवकर बुकिंग करताना भीती असते ती नंतर दर पडण्याची. तिच्यावर उतारा म्हणजे उरलेली रक्कम भरण्याची शेवटची तारीख. बऱ्याच मोठ्या कंपन्यांत ती छोट्या फेऱ्यांसाठी निघण्याच्या सुमारे 75 दिवस आधी आणि पाच रात्रींपासून पुढे 90 दिवस आधी असते. तोवर फक्त अ‍ॅडव्हान्स अडकलेला असतो. अ‍ॅडव्हान्स परत मिळणारा असेल तर या काळात दर उतरल्यास नव्या दराने बिल करून मागता येतं. कंपनी आपणहून कळवत नाही. आपल्यालाच दर आठवड्याला तीच केबिन, तेवढेच प्रवासी घालून बघावं लागतं. परत न मिळणारा अ‍ॅडव्हान्स थोडा स्वस्त पडतो, पण बदल केला की दंड. सहा जणांत कुणाची परीक्षा, कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन अशी शक्यता असेल तर ती बचत सोडून द्यावी. शेवटच्या तारखेनंतर रद्द केल्यास कपात पायऱ्यापायऱ्यांनी वाढते: 25, 50, 75 आणि शेवटच्या महिन्यात 100 टक्के, असा साधारण नमुना. प्रत्येक कंपनीचे दिवस वेगळे, म्हणून तो तक्ता लेखी घ्या.

16 नोव्हेंबरमधून 75 दिवस वजा केले की 2 सप्टेंबर येतो. गणपती 14 सप्टेंबरला. घरात त्या पंधरवड्यात पैसा कसा जातो ते वेगळं सांगायला नको, म्हणून उरलेली रक्कम आधीच बाजूला काढली. वाशीच्या एका एजंटाने मात्र स्वतःची तारीख कंपनीच्या दहा दिवस आधीची लावली होती आणि रद्द केल्यास कंपनीच्या वर स्वतःचे माणशी वेगळे पैसे. दोन्ही गोष्टी पावतीच्या मागच्या बाजूला. दर डॉलरमध्ये असेल तर आणखी एक: उरलेली रक्कम भरायच्या दिवशीचा, तोही एजंटाचा, विनिमय दर लागतो. फरक मोठा वाटला तर रुपयांत पक्का आकडा लिहून घ्या.

शेवटच्या क्षणी स्वस्त मिळतं हे खोटं नाही. उरलेल्या केबिन शेवटच्या तारखेनंतर मोकळ्या होतात आणि काही फेऱ्यांचे दर उतरतातही. पण आपल्याला तिथवर थांबणं बहुतेक वेळा परवडत नाही. जहाज सिंगापूरला, आपण नेरुळला. मधल्या विमानाचं भाडं त्याच दिवसांत चढलेलं असतं. शिवाय उरतात त्या केबिन टोकाच्या, नाचघराच्या वर किंवा पोहण्याच्या तलावाच्या खाली. बोट लागणाऱ्या माणसाला जहाजाच्या मध्यभागातली, खालच्या मजल्यावरची केबिन हवी, कारण हेलकावा टोकांना आणि वर जास्त जाणवतो. त्याच केबिन आधी जातात. ‘गॅरंटी’ नावाच्या स्वस्त प्रकारात वर्ग पक्का, पण क्रमांक कंपनी देणार. दोघा तरुणांना उत्तम. आई-बाबांना लिफ्टपासून चार पावलांवर खोली हवी असेल तर नको.

मुंबईत बसून, व्हिसा न लागणाऱ्या गोव्याच्या फेरीला, मधल्या वारी, दोघांनी जायचं असेल तर मात्र खुशाल थांबा.

कागदांची वेळही बुकिंगच्या वेळेतच धरावी लागते. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर सहा महिने चालू हवा, आणि लहान मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो. तो संपत आलेला आढळतो नेमका बुकिंगच्या फॉर्मवर. मी ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या पासपोर्ट सेवा केंद्राची वेळ आधी घेतली, अ‍ॅडव्हान्स नंतर भरला, कारण नवा पासपोर्ट म्हणजे नवा क्रमांक. सिंगापूरहून निघून सिंगापूरलाच परत येणं म्हणजे दोनदा प्रवेश, तेव्हा व्हिसा एकाहून जास्त प्रवेशांचा आहे ना ते बघा. युरोपची क्रूझ असेल तर शेंगेनचा (युरोपातल्या बहुतेक देशांना चालणाऱ्या एकाच व्हिसाचा) अर्ज निघण्याच्या सहा महिन्यांहून आधी करता येत नाही, आणि पैसे 90 दिवसांवर भरायचे. म्हणजे 180 ते 90 दिवस या खिडकीतच व्हिसाची भेट मिळवायची, तर नकार आला तरी फक्त अ‍ॅडव्हान्सवर निभावतं. फेरीत तुर्कस्तानचं बंदर असेल तर शेंगेनबाहेर जाऊन परत यायचं असतं, म्हणून शेंगेन व्हिसाही बहुप्रवेशी लागतो. घरात गरोदर बाई असेल तर बऱ्याच कंपन्या 24वा आठवडा लागलेल्या प्रवाशाला घेत नाहीत, आणि तो आठवडा निघायच्या दिवशी नव्हे, परतीच्या दिवसापर्यंत मोजतात. सहा महिन्यांखालच्या बाळालाही नाही. सात-आठ महिने आधी बुकिंग करताना हा हिशेब राहून जातो.

विमान जहाजाच्या आदल्या दिवशी पोचणारं घ्या. मुंबईहून रात्री निघून सकाळी पोचणारं विमान कागदावर जुळतं, पण दोन-तीन तासांचा उशीर झाला तर जहाज थांबत नाही. तिकिटं क्रूझ पक्की झाल्यावरच काढा. नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच, वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावासकट. क्रूझवर एक आणि विमानावर दुसरं असं व्हायला नको.

मुंबईहूनच निघणार असाल तर बुकिंगच्या आधी तारखेचा वारही बघा. बॅलार्ड पिअरला पोचायला आपल्याकडून हार्बर किंवा मध्य रेल्वेने सीएसएमटी आणि तिथून टॅक्सी. रविवारी मेगाब्लॉक सकाळी अकराच्या आसपास लागतो, आणि चेक-इनची वेळही बहुधा त्याच तासांत. सहा माणसं आणि आठ बॅगा घेऊन तो खेळ करायचा नसेल तर अटल सेतूने शिवडी आणि पुढे ईस्टर्न फ्रीवे. टोल धरूनही दोन मोठ्या गाड्या बऱ्या पडतात. वेब चेक-इन खुलं झालं की पहिल्या तासाभरात बसून पोचण्याची वेळ दुपारच्या आतली निवडा. उशिराच्या वेळा शेवटपर्यंत मिळतात, लवकरच्या नाही.